कर्नेलचं सेवापुस्तक

पिपरी मेघेच्या आमच्या कॉलेजात सर्व्हररूमच्या दाराला एक पाटी होती. ‘आतमंदी कर्मचारी कामावर हायत. हळू बोला.’ पाटी शुद्ध मराठीत लिहा असं प्राचार्य मॅडमनी तीनदा सांगून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. मला मात्र त्या पाटीचं भलतंच कौतुक वाटायचं. म्हटलं, बघा, या कॉलेजात सर्व्हररूममध्ये अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या बाईलाही कोणी तरी कर्मचारी म्हणतंय. दोन आठवड्यांनी कळलं की पाटीतले कर्मचारी म्हणजे मी नव्हे आणि सरही नव्हेत. ते सर्व्हरच्या पेटीच्या आत राहत होते.

सर म्हणजे सर्व्हरवाले सर. उंच, काटकुळे, बारा महिने पांढरा बुशशर्ट आणि खिशाला चार पेनं. निळं रोजच्या कामाचं, काळं अर्जाचं, लाल चुका काढायचं. हिरवं पेन सर्व्हरच्या वतीने सही करायचं. मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि हसले.

"हासून काय राह्यल्या मॅडम?" ते म्हणाले. "त्याले हात असते तर त्यानंच केली असती सही."

वीस वर्षं ते कॉलेजच्या आस्थापना विभागात कारकून होते. कोणाची रजा, कोणाची वेतनवाढ, कोणाचं निलंबन, सगळ्यांची सेवापुस्तकं त्यांच्या ताब्यात. मग कॉलेजात पहिला सर्व्हर आला. शॉक लागतो म्हणून त्याला कोणी हात लावेना, तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी तो सरांच्या गळ्यात बांधला. सरांनी पुस्तकं आणली आणि एकट्याने बसून सर्व्हर चालवायचं लिनक्स शिकले. शिकले ते झकास शिकले, त्याबद्दल मी कोणालाही बोलू देणार नाही. फक्त येताना आस्थापना विभाग सोबत घेऊन आले.

त्यांच्या तोंडून ‘बंद पडला’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. मशीन ‘आजारी रजेवर’ जायची. कोपऱ्यातला प्रिंटर चार वर्षांपासून ‘निलंबित’ होता, आणि तसा आदेश त्याच्या झाकणावर चिकटवलेला होता, आवक-जावक क्रमांकासकट. दुपारी डबा खाताना सर खुर्ची फिरवून सर्व्हरकडे पाठ करून बसत.

"ज्याले खाता येत नाई त्याच्या तोंडासमोर खाऊ नाई," असं त्यांचं म्हणणं. मीही मग पाठ करून खायला लागले. सहा महिन्यांत माणूस काय काय शिकतो, काय सांगू!

पण खरी कमाल कर्नेलची. कर्नेल म्हणजे यंत्र सुरू झालं की सगळ्यांत आधी जागा होणारा आणि बाकीच्यांना कामाला लावणारा प्रोग्राम. काही महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. जगभरचे लोक एक आज्ञा टाइप करतात, मशीन बंद करून चालू करतात आणि चहा प्यायला जातात. आमच्याकडे नवा कर्नेल रुजू व्हायचा.

रुजू व्हायचा म्हणजे त्याचं सेवापुस्तक उघडलं जायचं. पिवळट पुठ्ठ्याचं, खरंखुरं, आस्थापना विभागातून आणलेलं. नाव. जन्मतारीख. मूळ गाव: इंटरनेट. उंची या रकान्यात त्याची साइज. ओळखीची खूण म्हणून आवृत्ती क्रमांक, सगळे ठिपके मोजून. त्याच दिवशी त्याची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली जायची आणि ती पाकिटात घालून बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात जायची. ही म्हणे त्याच्या पेन्शनची कागदपत्रं.

"रुजू होते त्याच दिवशी पेन्शनचे कागद तयार पाह्यजे," सर सांगत. "नाई तर मंग माणूस चपला झिजवत फिरते."

डब्याला छोटं कुलूप आणि किल्ली सरांच्या जानव्याला. नियम एकच. डबा उघडायचा तो फक्त निवृत्तांसाठी. ज्याला रीतसर निरोप दिला नाही, त्याचं पाकीट बाहेर येणार नाही. मग ब्रह्मदेव दारात उभा राहो.

आणि जुन्या कर्नेलचा निरोप समारंभ! मी पाहिला होता एक. पायरीवर नारळ फोडला, कारण पाणी मशीनजवळ नको. पेटीवर पिवळी शाल पांघरली. शाल एकच होती, दोन मिनिटांनी घडी होऊन परत कपाटात जायची. आणि सरांनी हात जोडून भाषण केलं, ऐकायला मी एकटी.

"गेले चवदा महिने यायनं एक दिवस दांडी मारली नाई. उन्हाळ्यात एसी गेलता, लाईन दिवसातून सात बारी जाये. यायनं तोंड वाकडं केलं नाई. परीक्षेच्या दिवसांत पोट्टे रिझल्ट पाहाले तुटून पडले, तवाही यायनं धीर सोडला नाई. आपण यायले काढून नाई राह्यलो. आपण यायले बाजूले ठेवून राह्यलो. काम पडलं तर बोलावू."

मी टाळ्या वाजवल्या. काय करणार? दुसरं कोणी नव्हतं वाजवायला.

आता माझ्या पापावर येते.

जुलैत सर आठ दिवसांच्या रजेवर गेले. समुद्रपूर तालुक्यात त्यांचं वावर आहे आणि त्या वर्षी दुबार पेरणीची पाळी आली होती. इकडे वरून पत्र आलं की सर्व यंत्रणा ताबडतोब अद्ययावत करा. मला वाटलं, चला, आपणही काही तरी करून दाखवू. माझा करार दिवाळीनंतर पुन्हा व्हायचा होता, नवऱ्याचं काम त्याच वर्षी सुटलं होतं आणि घर माझ्या एकटीवर चाललं होतं. म्हटलं, कामसू आहे हे लोकांना दिसू दे.

अपडेटची आज्ञा दिली तर जागा नाही म्हणून मशीन अडून बसली. जिथे कर्नेल ठेवतात तो कप्पा भरला होता. मी इंटरनेटवर शोधलं, कोण्या शहाण्याने लिहिलं होतं, जुने काढून टाका. मी काढले. एक, दोन आणि तिसरा. तिसरा त्या वेळी चालू असलेला होता हो! पण चालू कर्नेल स्वतः मेमरीत बसलेला असतो, त्याच्या फाइली गेल्या तरी त्याला पत्ता लागत नाही. मशीन शांतपणे चालत राहिली. नवा बसला. मी सेवापुस्तक उघडलं नाही, नारळ फोडला नाही, मशीन बंद-चालूही केली नाही. आठ दिवसांनी सर आले. "सब ठीक?" त्यांनी विचारलं. "सब ठीक," मी म्हटलं.

तीन महिने सगळं खरंच ठीक होतं. मग खंडेनवमी आली.

आमच्या संस्थेत खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते आणि त्या दिवशी यंत्राला काम लावत नाहीत. बस, जनरेटर, झेरॉक्स, पाण्याची मोटर, सगळी धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून गप्प बसतात. सर्व्हरला आजवर बाहेरूनच ओवाळायचे. त्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब जातीने आले, ताट हातात, आणि पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकताना पाहून थबकले.

"हे काऊन चालू हाय? आजच्या दिवशी?"

प्राचार्य मॅडम म्हणाल्या, सर्व्हर चालूच असतो.

"वर्षातून एक दिवस सुट्टी नाई त्याले? बैलाले पोळा असते, याले काहीच नाई?"

मला वाटलं सर भांडतील. कसले! सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वरिष्ठाने सर्व्हरच्या रजेचा विषय काढला होता. त्यांनी तिथल्या तिथे काळ्या पेनाने एका दिवसाच्या नैमित्तिक रजेचा अर्ज लिहिला, हिरव्या पेनाने खाली सही केली, भाऊसाहेबांनी मंजूर असं लिहिलं आणि सरांनी मशीन बंद केली. भाऊसाहेबांनी पेटीच्या कपाळावर, म्हणजे त्यांना जिथे कपाळ वाटलं तिथे, कुंकू लावलं. मला जुलै आठवला. पण म्हटलं, नवा काय नि जुना काय, चालू झाला म्हणजे झालं.

दसऱ्याला कॉलेज बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सरांनी बटण दाबलं. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींचे परीक्षेचे फॉर्म विद्यापीठाला जायचे होते. फॉर्म सर्व्हरवर. पाच वाजले की तिकडची खिडकी बंद, आणि पोरांचं वर्ष गेलं.

मशीन सुरू झाली, कर्नेलचं नाव दिसलं, काही ओळी धावल्या आणि थांबल्या. मग पडद्यावर आलं की डिस्क सापडत नाही. वाट पाहिली, सापडली नाही. खाली नुसता लुकलुकणारा कर्सर.

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

"हा कोण होय?" त्यांनी कर्नेलच्या नावावर बोट ठेवलं. "याची तर नेमणूकच नाई झाली. मॅडम, याले कोनं बसवलं?"

"आपोआप आला असेल सर," मी म्हटलं. "हल्ली आपोआप येतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हाव," म्हणाले. "मंग घुसखोर हाय."

त्यांनी त्या कर्सरपुढे दोन-तीन आज्ञा दिल्या आणि मला जवळ बोलावून समजावलं, शिकवणीला बसल्यासारखं. "पाहा. डिस्का मेल्या नाई. मेल्या असत्या तर हा कर्नेल तरी कुठून आला असता? थो डिस्कवरूनच उठला ना? आता डिस्का म्हणजे जिनिंगचं गोडाऊन. हे कंट्रोलर कार्ड म्हणजे गोडाऊनच्या दारावरचा जुना चपराशी. आणि ड्रायव्हर म्हणजे त्याची बोली समजणारा माणूस. चपराशी जागेवर हाय, हे पाहा, कार्ड दिसून राह्यलं. पण या घुसखोराजवळ त्याची बोली समजणारा कोणीच नाई. नव्या लोकायनं जुन्या कार्डाचं नावच यादीतून काढून टाकलं. दोघंही दारात उभे, अन् गोडाऊन बंद."

"मग?"

"मंग काय? जुना कर्नेल उठवा लागते. त्याले बोली येते. थो गेला कुठी?"

त्यांनी सुरुवातीची यादी उघडली. यादीत घुसखोर एकटाच. जुना कुठेच नाही. सरांनी वरून खाली बोट फिरवून यादी दोनदा तपासली.

दहा वाजता भाऊसाहेब आले. बातमी ऐकून त्यांचा चेहरा उतरला, कारण बंद करायला त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी पूजा सांगणाऱ्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी विचारलं, बटण बंद करताना यंत्राचं तोंड कोणीकडे होतं? दक्षिणेकडे होतं. घ्या! भाऊसाहेबांनी हुकूम सोडला, पेटी पूर्वेकडे फिरवा.

"बदलीचा आदेश लेखी लागते," सर म्हणाले.

भाऊसाहेबांनी लेखी दिला. वाणिज्य विभागाच्या चार प्राध्यापकांनी बाह्या सारून पेटी फिरवली. सरांनी पुन्हा बटण दाबलं. पूर्वेकडे तोंड करून मशीनने सांगितलं, डिस्क सापडत नाही.

प्राचार्य मॅडमनी नागपूरच्या कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, कार्ड जुनं आहे, नवा सर्व्हर घ्या, तीन आठवड्यांत पाठवतो. बॅकअप होता, तो सर दर शनिवारी घेत. पण ओतायला दुसरं भांडंच नव्हतं.

अकरा वाजता सरांनी खुर्ची ओढली, निलंबित प्रिंटरवर कोरा कागद ठेवला आणि निळ्या पेनाने लिहायला बसले. लिहून झाल्यावर तो कागद त्यांनी सेलोटेपने सर्व्हरच्या पेटीवर चिकटवला. मी वाचला.

‘कारणे दाखवा नोटीस. प्रति, कर्नेल (जुना). आपण आज सकाळी आठ वाजता रजा संपल्यानंतर कामावर रुजू न होता विनापरवानगी गैरहजर असल्याचे आढळून आले. सेवापुस्तकात आपल्या निवृत्तीची नोंद नाही. तरी आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन तासांच्या आत करावा. खुलासा प्रामाणिक असल्यास त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार होईल. प्रत माहितीस्तव: सहायक, सर्व्हररूम.’

सहायक म्हणजे मी.

"सर," मी म्हटलं, "डब्यात त्याची नक्कल असेल ना? रुजू झाला त्या दिवशीची?"

"असंल. पण डबा निवृत्तायचा हाय. हा गैरहजर हाय. गैरहजर माणसाले पेन्शन देता येते का, मॅडम? अन् याचा निकाल लागेपर्यंत आधीच्या निवृत्तायलेही याच्या जागेवर बसवता येत नाई. नियमात बसत नाई."

"सर, पोरांचं वर्ष जाईल हो!"

"म्हणून तर तीनच तास देल्ले. कायद्यानं सात दिवस लागते."

आणि ते खुर्ची फिरवून, पेटीकडे पाठ करून, डबा खायला बसले. भाकर आणि मिरचीचा ठेचा. मला त्या क्षणी इतका संताप आला की तो ठेचा उचलून त्यांच्या बुशशर्टावर ओतावा. वेड्या माणसाच्या हाती तीनशे पोरं दिलीत, असं ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कोणत्या तोंडाने? कर्नेल कुठे गेला हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. सांगितलं तर माझा करार गेला, घर गेलं. नाही सांगितलं तर पोरं गेली.

मी बाहेर व्हरांड्यात आले. सगळी पोरं तिथे बसलेली. समुद्रपूरहून पहाटेच्या बसने आलेली एक मुलगी उठली. तिच्या हातात आपट्याची पानं होती, आदल्या दिवशीची, सुकलेली. तिने एक पान माझ्या हातावर ठेवलं.

"सोनं घ्या मॅडम. माह्या फॉर्मचं होईन ना? घरी म्हणून राह्यले, यंदा नाई झालं तर लग्नच करून टाकू."

ते पान घेऊन मी आत आले. दोन वाजायला पाच मिनिटं होती. सर घड्याळाकडे बघत बसले होते.

"सर," मी म्हटलं. ऑफिसात मी नेहमी पुस्तकी मराठी बोलते, पण त्या वेळी तोंडून माझ्या गावचं, बोरगाव मेघेचंच निघालं. "थो गैरहजर नाई सर. म्या काढलं त्याले. जुलैत. जागा होत नव्हती म्हणून काढलं, अन् तुमच्याशी खोटं बोलली."

मला रडू फुटलं. आता ते ओरडतील, भाऊसाहेबांना बोलावतील, माझ्या नावाची दुसरी नोटीस लिहितील, असं वाटलं. सरांनी सावकाश उठून पेटीवरची नोटीस सोलून काढली. लाल पेनाने तिच्यावर ‘खुलासा प्राप्त, मान्य’ असं लिहिलं. मग बुशशर्टाची वरची दोन बटणं सोडून जानव्याची किल्ली बाहेर काढली.

"म्हणजे त्याले काढलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. "मंग तर पेन्शन लागू होते ना! नारळ हाय काय पोरी?"

इतक्या दिवसांत ते मला पहिल्यांदा पोरी म्हणाले. मला आज वाटतं, ती नोटीस त्या कर्नेलला नव्हतीच. पण तेही खात्रीने सांगता येत नाही, कारण या माणसाने प्रिंटरलाही निलंबनाचा आदेश दिला होता.

नारळ खंडेनवमीचा उरला होता. पायरीवर फोडला. मी हात जोडून म्हटलं, सर, आता तरी लावा ना पेन ड्राइव्ह, समारंभ नंतर करू. ते ऐकेनात. "निरोप राह्यला हाय त्याचा. तीन महिने झाले. अन् भाषण तू करशीन. तू काढलं."

शाल बाहेर आली. मी पेटीसमोर उभी राहिले, नाकडोळे पुसत. "यांनी सतरा महिने काम केलं," मी म्हटलं. "यांची काही चूक नव्हती. यांना न विचारता, न सांगता मी काढलं. मी..."

तेवढ्यात दार उघडलं आणि भाऊसाहेब आत आले. ते आले होते ओरडायला, तोंड उघडलंही होतं. पण आत नारळ, शाल, मान खाली घातलेला माणूस आणि रडणारी बाई. राजकारणात तीस वर्षं घालवलेल्या माणसाचे हात अशा वेळी त्याला विचारत नाहीत. त्यांनी सरांच्या हातातली शाल घेतली, उलगडली, मी दाखवलं तिथे, पेटीवर, व्यवस्थित पांघरली आणि घसा साफ केला.

"आज आपल्या संस्थेसाठी दुःखाचा दिवस हाय," ते म्हणाले. "यायच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण झाली, थे कधी भरून निघणार नाई. यायचा स्वभाव शांत. कोणाशी वाद नाई. मी यायले लहानपणापासून ओळखतो."

पाच मिनिटं बोलले. मागे प्राचार्य मॅडम आणि ते चार प्राध्यापक येऊन उभे राहिले आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी कबुली त्या टाळ्यांत बुडून गेली. सरांनी शालीची घडी केली, डब्यातलं पाकीट काढलं आणि पेन ड्राइव्ह लावून बटण दाबलं.

जुना कर्नेल उठला. ओळी धावू लागल्या. मग कार्डाचं नाव आलं, आणि त्याखाली एक, दोन, तीन करत आठही डिस्का. मी सरांचा हात घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं. व्हरांड्यात आरडाओरडा झाला तेव्हा सव्वातीन वाजले होते. पावणेपाचला शेवटचा फॉर्म गेला, तो समुद्रपूरच्या त्या पोरीचा.

सरांनी जुना कर्नेल त्याच्या जागेवर परत बसवला, सेवापुस्तकात ‘सेवानिवृत्तीनंतर पुनर्नियुक्ती’ असं लिहिलं, आणि त्याखाली जे घडलं ते सगळं, माझ्या नावासकट. खोटी नोंद त्यांच्याने होत नव्हती. मी विनवलं, माझं नाव नका लिहू. म्हणाले, "लिवलं नाई तर तू आयुष्यभर सांगत फिरशीन. लिवलं का सुटली."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना कुणी तरी सांगितलं की आपण काल शाल कोणाला पांघरली. ते तणतणत आले. "कोणाचा सत्कार केला म्या? रजिस्टर आणा!" सरांनी सेवापुस्तक पुढे ठेवलं. भाऊसाहेबांनी पहिलं पान उघडलं. नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. मूळ गाव: इंटरनेट, इथवर आले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. सरांकडे अशा नजरेने पाहिलं की मला अजून राग येतो. माझं नाव पुढच्याच पानावर होतं. ते पान कोणी उलटलं नाही आणि दिवाळीनंतर माझा करार पुन्हा झाला.

डिसेंबरात सर निवृत्त झाले. संस्थेने त्यांचा निरोप समारंभ केला नाही. वेळ नाही असं कारण दिलं, पण खरं कारण ते पुस्तक होतं, हे मलाही माहीत होतं आणि सरांनाही. ज्या माणसाने एका प्रोग्रामलाही शालीशिवाय जाऊ दिलं नाही, तो शेवटच्या दिवशी साडेपाच वाजता टेबल पुसून, चार पेनं खिशाला लावून, जायला निघाला. मी दार अडवून उभी राहिले. नारळ सकाळीच आणून ठेवला होता.

तीच पिवळी शाल मी त्यांच्या खांद्यावर घातली. भाषण पाठ केलं होतं, पण दोनच वाक्यं आली. "यांनी एक दिवस दांडी मारली नाही. आपण यांना काढून नाई राह्यलो." पुढचं सर्व्हरने ऐकलं असेल तर असेल, मला बोलता आलं नाही. टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या.

सरांनी दोन मिनिटांनी शाल काढून, घडी करून, माझ्या हातात दिली. "चला," म्हणाले, "आता पेन्शन लागू झालं." मग किल्ली काढून दिली आणि खिशातलं एक पाकीट डब्याच्या तळाशी सरकवलं.

मागच्या उन्हाळ्यात पुन्हा तसंच झालं. या वेळी मी सगळं रीतसर केलं होतं, नोंद, नारळ, शाल, सगळं. तरी नवा कर्नेल उठला आणि डिस्का गायब. मी डबा उघडला आणि एकेका निवृत्ताला लावून पाहिलं. एकही उठेना. व्हरांड्यात पोरं, प्राचार्य मॅडम दारात, भाऊसाहेब कोणत्या तरी गुरुजींशी फोनवर. तळाशी ते शेवटचं पाकीट होतं. त्यात पेन ड्राइव्ह नव्हता. पातळ, पिवळट पुठ्ठ्याचं सेवापुस्तक होतं, सरांच्या अक्षरातलं. मूळ गाव: समुद्रपूर तालुका. ओळखीची खूण: चार पेनं. शेवटच्या रकान्यात त्यांचा फोन नंबर आणि खाली हिरव्या शाईत एक ओळ: ‘जुना हाय, उठाले टाइम लागते. दोनदा लावजो.’

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चवथ्या रिंगला पलीकडे कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, कोणी तरी मोटर बंद केली, आणि मग तो आवाज आला.

"हाजर हाय. बोल पोरी, आता कोणाले काढलं?"